नगरच्या आद्य ख्रिस्ती समाजातील विस्मृत स्त्रिया



इतिहासातील स्त्रियांचा विषय निघाला म्हणजे नगरकर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे दोन नावे आपोआप उभी राहतात. एक चांदबिबीचे. इ. स. १५९५ साली मोगलांच्या फौजेने येथील किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा त्या बाईने किल्ला कसा लढविला, ही हकीकत येथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. दुसरे नाव अहिल्याबाईंचे. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. आणि आता तर शहराने व जिल्ह्याने त्यांचेच नाव धारण केले आहे. तेव्हा नगर आपल्या स्त्रियांना विसरते, असा आरोप वरकरणी तरी कोणास करता यावयाचा नाही.

परंतु या दोघीही राज्य करणाऱ्या होत्या. राज्यकर्त्यांची आठवण ठेवायला बखरकार असतात, सनदा असतात, किल्ले आणि घाट असतात. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते, ज्यांतल्या कित्येकींना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, अशा स्त्रियांनी याच गावात आणि याच जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत एक नवा समाज उभा करण्यास हातभार लावला. तो समाज म्हणजे आपल्या शेजारीच राहणारा मराठी ख्रिस्ती समाज. त्याच्या आरंभकाळातील स्त्रियांविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे. कोणत्याही धर्माची तरफदारी करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही, आणि कोणाचे उणे काढण्यासाठीही नाही. नव्या धर्माचा इतिहास लिहिताना कोणाची नावे वहीत जातात आणि कोणाची गळतात, एवढाच आमचा प्रश्न आहे. मात्र हा प्रश्न आपण वाटतो त्याहून अधिक जिव्हाळ्याचा आहे, हे पुढे दिसून येईल.

नगरकडे वळण्यापूर्वी थोडे मागे, अगदी एकोणीसशे-दोन हजार वर्षे मागे जाणे अवश्य आहे. कारण जी गोष्ट नगरला घडली ती त्या धर्माच्या जन्मकाळीही घडली होती.

बायबलच्या नव्या करारात पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीस लिहिलेले एक पत्र आहे. त्याचा शेवटचा, म्हणजे सोळावा अध्याय बहुतेक वाचक चाळून पुढे जातात. कारण त्यात अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा, अशी नावांची नुसती यादी आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला याद्या प्रवचनांपेक्षा अधिक सांगतात. या यादीत दहा स्त्रियांचा उल्लेख आहे. किंख्रिया बंदरातील मंडळीची फिबी ही पहिली. पौल तिला जो ग्रीक शब्द लावतो तोच तो अन्यत्र स्वतःलाही लावतो. मात्र पुढच्या भाषांतरकारांनी तो शब्द पुरुषाला लागला तर त्यात अधिकार वाचला, आणि फिबीला लागला तर त्यात नुसती सेवाचाकरी वाचली. तिच्यानंतर प्रिस्किल्ला येते. नवरा-बायकोचा उल्लेख करताना पौल येथे बायकोचे नाव आधी घालतो. मग युनिया आहे. ती प्रेषितांमध्ये नामांकित होती, असे पौलाच्या त्या वाक्यावरून चौथ्या शतकातील क्रिसोस्तोमसारख्या धर्मपंडिताने निःशंकपणे म्हटले आहे. पण पुढे काही विद्वानांना बाई प्रेषित असणे संभवनीय वाटेना. तेव्हा त्यांनी वाक्य तसेच ठेवले आणि बाईचाच बुवा केला! युनियाचा 'युनियास' झाला. छापील ग्रीक आवृत्तीत तिचे स्त्रीत्व तिला परत मिळण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

मग्दालीया मरीयेची कथा याहून प्रसिद्ध आहे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची पहिली वार्ता शिष्यांना देणारी हीच. परंतु इ. स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरीने आपल्या एका प्रवचनात तिला शुभवर्तमानातल्या दुसऱ्याच एका पापी स्त्रीशी एकरूप करून टाकले, आणि पुढे चौदाशे वर्षे पश्चिमेकडील चित्रकारांनी व कीर्तनकारांनी तिला पतितेच्याच रूपात रंगविले. रोमच्या धर्मपीठाने २०१६ साली तिच्या स्मरणदिनास प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा दिला.

आणखी एकच दाखला देतो. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार आपल्या सम्राटाला पत्र लिहितो. आपल्या प्रांतात हे ख्रिस्ती लोक फार माजले आहेत, यांचे करावे काय, अशी पृच्छा आहे. खरे काय ते काढून घेण्यासाठी आपण दोन दासींना यातना देऊन विचारणा केली, असे तो कळवितो. त्या दासींना त्यांच्या मंडळीत 'सेविका' म्हणत, हेही तो सांगतो. त्या दोघींना मंडळीत काही अधिकार असावा. मात्र त्यांची नावे लिहून ठेवण्याची त्याला गरज वाटली नाही. आज त्या दोघींविषयी आपणांस एवढीच माहिती आहे, की त्या होत्या, त्यांना काही मान होता आणि त्यांचा छळ झाला. या दोन दासी श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्यात. त्यांची आम्हांस शेवटी पुन्हा गरज पडणार आहे.

आता आपल्या वेशीपाशी येऊ.

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईस इ. स. १८१३ मध्ये सुरू झाले, आणि १८३१ साली त्या मिशनने नगरला ठाणे घातले. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. १८३३ साली येथे पहिली मंडळी स्थापन झाली, १८४२ साली 'ज्ञानोदय' पत्र नगरलाच जन्मले, आणि १८५४ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक हे दोघे एतद्देशीय पाळक म्हणून दीक्षित झाले. पुढे वडाळा, राहुरी, शेवगाव, पारनेर अशी ठाणी वाढत गेली. त्यानंतर इंग्लंडच्या चर्चचे लोक आले, रोमन कॅथॉलिक आले, संगमनेर आणि हरेगावकडे त्यांचे काम फोफावले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस सप्टेंबरात जी गर्दी लोटते तिच्यात बायकांचा लोंढा किती असतो, हे पाहिलेल्यांस सांगावयास नको. पण तो सारा विस्तार आज आमच्या आवाक्यातला नाही. आम्ही मुख्यतः अमेरिकन मिशनच्या आरंभीच्या काळापुरते बोलणार आहोत.

ही जी सनावळी आम्ही आता सांगितली, तिच्यात एकही स्त्री नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. ठाणे घालणारे पुरुष, दीक्षा घेणारे पुरुष, पत्र काढणारे पुरुष. सनावळी खोटी नाही. मात्र ती अर्धी आहे. उरलेला अर्धा भाग शोधावयाचा तर दीक्षाविधी सोडून शाळा, स्वयंपाकघर आणि आजाऱ्याची खाट यांच्याकडे जावे लागते.

प्रथम शाळा पाहू. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई इ. स. १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली. वय बत्तीस, अविवाहित. अमेरिकेतील मिशनरी मंडळाने नवऱ्याशिवाय परदेशी धाडलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ही एक. तिचे काम मुलींच्या शाळा चालविण्याचे. मुंबईत दहा वर्षे काढल्यावर प्रकृती ढासळून ती मायदेशी गेली, आणि १८३९ साली परत आली ती नगरला. येथेच ती १८६२ साली वारली. म्हणजे हिंदुस्थानातली चौतीस वर्षे, आणि त्यांपैकी तेवीस नगरची. मंडळाच्या कागदोपत्री तिचा हुद्दा काय होता? 'साहाय्यक मिशनरी'. बायकांना, मग त्या मिशनऱ्यांच्या पत्नी असोत की एकट्या आलेल्या, हीच पदवी होती. या बाईने कोणाला साहाय्य केले, हे मात्र विचारण्यासारखे आहे. शाळा तिच्या, मुली जमविणे तिचे, शिकविणे तिचे, आणि मुली घरी बसविणाऱ्या आईबापांची समजूत घालीत दारोदार हिंडणेही तिचेच.

या शाळेची महती समजून घ्यावयाची तर नगरहून पुण्यास जावे लागते. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, ही गोष्ट आता सर्वतोमुखी आहे. त्यापूर्वी ते नगरास आले होते. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे येथे नोकरीस होते. फरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि आपल्या उपक्रमाची प्रेरणा आपणांस त्या शाळेपासून मिळाली, असे जोतीरावांनीच पुढे सांगितले आहे. सावित्रीबाईंनीही फरारबाईंच्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितलेले आढळते. भिडेवाड्याची थोरवी यामुळे रतिमात्र कमी होत नाही. फुले दांपत्याला आपल्याच लोकांचा जो रोष पत्करावा लागला तो परदेशातून आलेल्या बाईस पत्करावा लागला नव्हता. परंतु महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाची गंगा ज्या उगमांतून वाहू लागली त्यांतला एक झरा नगरच्या गल्लीत होता, हे नगरकरांनी तरी विसरू नये.

शाळेतून आता घरात जाऊ. हा भाग अधिक अवघड आहे.

नव्या धर्माची दीक्षा पुरुष घेई तेव्हा त्याने पुष्कळ वाचलेले, वाद घातलेले, रात्री जागून काढलेल्या असत. त्याच्या पत्नीला यातले काहीच ठाऊक नसे. तिच्यापाशी निर्णय येई तो होऊन गेलेला. एका सकाळी तिला कळे की नवरा जातीबाहेर गेला, आणि आता तिच्यापुढे दोनच वाटा आहेत. त्याच्यामागे जावे तर माहेर, सासर, देवघर, पाणवठा सारे तुटणार. मागे राहावे तर नवरा जिवंत असून विधवेचे जिणे. हरिपंत खिस्ती यांच्या दीक्षेची हकीकत मिशनच्या इतिहासात मानाने सांगितलेली असते. त्यांच्या पत्नी राधाबाई यांची हकीकत कोठे आहे?

ती आहे, पण चमत्कारिक ठिकाणी. राधाबाईंना चौदा मुले झाली. त्यांतले तेरावे अपत्य म्हणजे कृपाबाई. त्यांचा जन्म नगरचा, १८६२ सालचा. म्हणजे ज्या वर्षी फरारबाई वारल्या त्याच वर्षीचा. या कृपाबाई पुढे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे साल १८७८ चे. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेस जाण्याच्या पाच वर्षे आधीचे. प्रकृतीने दगा दिल्यामुळे तो अभ्यास सुटला. सॅम्युएल सत्यनाथन या मद्रासी ख्रिस्ती विद्वानाशी त्यांचा विवाह झाला, आणि वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, १८९४ साली त्या निवर्तल्या. जाण्यापूर्वी त्यांनी इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली 'सगुणा' ही त्यांच्या स्वतःच्या आयुष्यावर बेतलेली असून मद्रासच्या एका मासिकातून १८८७-८८ साली क्रमशः आली. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेल्या आत्मचरित्रपर कादंबऱ्यांत तिचा मान पहिला समजतात.

या कादंबरीच्या आरंभी लेखिका स्वतःकडे वळण्यापूर्वी आपल्या आईची गोष्ट सांगते. नवऱ्याच्या धर्मांतराने कोवळ्या राधेवर कोसळलेला आघात, तिची भीती, तिचा विरोध, परक्या माणसांतले तिचे एकटेपण, आणि मग दिसामासांनी तिच्या मनात झालेला पालट, हे सारे तेथे आले आहे. कादंबरी म्हणजे काही नोंदवही नव्हे. तिच्यातले प्रत्येक वाक्य प्रमाण धरता येणार नाही. पण एक गोष्ट तिच्यातून निर्विवाद दिसते. नवऱ्याच्या दीक्षेने घर ख्रिस्ती झाले नव्हते. बाईने आपल्या मनाने, आपल्या वेळेने ते पत्करले तेव्हा झाले. मिशनच्या वहीत पहिली तारीख आहे. दुसरी तारीख आहे ती लेकीच्या पुस्तकात. आणि ते पुस्तकही दूर मद्रासेत, इंग्रजीत लिहिलेले! मराठी वाचकाने म्हणूनच नगरच्या या लेकीला आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच जागा दिली.

येथे थोडे थांबून, ज्या मागे राहिल्या त्यांचेही स्मरण केले पाहिजे. सगळ्याच राधा नवऱ्यामागे गेल्या नाहीत. कित्येकींनी नकार दिला. सरकारपुढेही हा प्रश्न इतका तीव्रतेने आला, की १८६६ साली धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. जोडीदार एकत्र नांदावयास तयार आहे की नाही, हे न्यायाधीशाने विचारावे, फेरविचारास मुदत द्यावी, आणि तरीही नकारच असेल तर विवाह मोडावा, अशी त्यात तरतूद होती. या कायद्याची एक बाजू फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. धर्माच्या प्रश्नावर बाईचे स्वतःचे मत काय आहे हे तिलाच विचारले जाण्याचा प्रसंग या कायद्यामुळे आला, आणि तोही कोर्टात, वकिलांसमक्ष, घर मोडण्याच्या वेळी! त्याआधी तिला ना भटजीने विचारले, ना पाद्र्याने, ना नवऱ्याने. ज्यांनी 'नाही' म्हटले त्या स्त्रियाही या इतिहासाचा भाग आहेत. त्यांचे दुःख दोन्ही समाजांनी सोयीस्करपणे विसरून टाकले.

राधाबाईंनंतर पन्नासएक वर्षांनी तोच प्रसंग दुसऱ्या एका बाईवर आला. या वेळी मात्र ती बाई स्वतः लिहिणार होती, आणि तेही मराठीत. लक्ष्मीबाई टिळक हे नाव श्रोत्यांना नवीन नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि नगर ही आपली कर्मभूमी केली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने मागे राहिल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या, पण धर्म न सोडता आल्या. सोवळ्याचे कडक वळण त्यांना माहेरीच लागलेले होते. त्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. अशा बाईने एकटीने विचार करकरून ठरविले, की जातिभेद देवाने केलेला असणे शक्य नाही. आणि एकदा हे ठरल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास तिला संकोच राहिला नाही. मग १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या दीक्षेनंतर पाच वर्षांनी! ही पाच वर्षे फुकट गेली असे कोणास वाटत असेल; आम्हांस ती पाच वर्षेच खरी महत्त्वाची वाटतात. टिळक ग्रंथांतून ज्या निर्णयाला पोहोचले, त्याला लक्ष्मीबाई चुलीपासून निघून पोहोचल्या, आणि तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

पुढे नगरच्या प्लेगात त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, अनाथ पोरे सांभाळली. बालकवी ठोमरे यांच्यासारखा कवी नगरला टिळकांच्या घरी राहिला, तेव्हा त्या घराचा गाडा लक्ष्मीबाईंच्याच जिवावर चालत होता. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'स्मृतिचित्रे' मराठी भाषा आहे तोवर वाचली जातील. इ. स. २०३ मध्ये कार्थेजला पर्पेचुआ नावाची तरुणी धर्मासाठी मारली गेली. तिने तुरुंगात लिहिलेली रोजनिशी टिकली, म्हणून आरंभीच्या ख्रिस्ती स्त्रीचा स्वतःचा आवाज जगाला ऐकू येतो. आपल्याकडे तो मान 'स्मृतिचित्रां'चा आहे. फरक एवढाच, की आपल्या लक्ष्मीबाई रडता रडता हसवितात.

एव्हाना एखाद्या चाणाक्ष श्रोत्याच्या मनात एक आक्षेप आला असेल, आणि तो रास्त आहे. राधाबाई, कृपाबाई, लक्ष्मीबाई, या साऱ्या ब्राह्मण घरांतल्या. मग जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज ज्यांच्यामुळे संख्येने मोठा झाला, त्या महार आणि मांग समाजांतल्या स्त्रिया कोठे आहेत? आमच्या या व्याख्यानातही त्या शेवटीच आल्या, हे आम्ही कबूल करतो. ज्यांच्या घरी लेखणी होती त्यांच्या कथा उरल्या. आम्ही कथांच्या मागे गेलो आणि आमच्याही हातून तेच घडले.

परंतु त्या होत्या. त्यांना 'बायबलबाई' म्हणत. मिशनच्या मिसेस बिसेल यांच्यासारख्या बायकांनी नगरला त्यांचे वर्ग चालविले. अक्षरओळख, बायबलातल्या कथा, भजने एवढे शिकून या बाया गावोगाव जात. बहुधा दोघी मिळून जात; पायी जात. पुरुष उपदेशकाला चावडीवर किंवा बाजारात उभे राहता येई. घरात त्याला मज्जाव असे. ओसरीच्या आत, जात्यापाशी, बाळंतिणीच्या खाटेपाशी, तापाने फणफणलेल्या पोरापाशी ज्यांना प्रवेश होता त्या या बाया. म्हणजे एका अर्थी मिशनचे निम्मे क्षेत्र केवळ त्यांच्याच हाती होते. त्यांचा तुटपुंजा पगार पुष्कळदा अमेरिकेतल्या चर्चमधील बायकांच्या वर्गणीतून येई. बोस्टनला अशा स्त्रियांचे स्वतंत्र मंडळच १८६८ साली निघाले होते.

यात खरे नवल काय होते, हे आज आपल्या चटकन ध्यानात येत नाही. जिला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, जिची सावली टाळली जात होती, ती बाई हातात पुस्तक घेऊन गावात येत होती आणि ते उघडून मोठ्याने वाचीत होती. उच्चवर्णीयांच्या घरच्या बायकांनासुद्धा तेव्हा वाचता येत नव्हते. तिने काय वाचले हा भाग क्षणभर बाजूस ठेवा. ती वाचते आहे, एवढ्यानेच जुन्या व्यवस्थेच्या एका खांबाला तडा जात होता. ही बाई पाहून किती मुलींच्या मनात अक्षराची ओढ उत्पन्न झाली असेल, याची गणती कोणी ठेवली नाही. मिशनच्या अहवालात बायबलबायांचा आकडा सापडतो, त्यांनी भेट दिलेल्या घरांचा आकडा सापडतो. नाव सापडले तर बहुधा एकेरी, बापाचे आडनाव ना नवऱ्याचे. प्लिनीच्या त्या दोन दासी आता श्रोत्यांना आठवत असतील.

शाळा झाली, घर झाले. आता आजाऱ्याची खाट. मिसेस बिसेल यांची कन्या ज्यूलिया हिने डॉक्टर होऊन विसाव्या शतकाच्या आरंभी नगरला बायकांचा दवाखाना उभारला. पुरुष वैद्यापुढे नाडी धरू देण्यासही ज्या काळी बायका लाजत, त्या काळी बाई-डॉक्टर हाच केवढा दिलासा होता! तेथे हाताखाली काम करणाऱ्या परिचारिका बहुतांशी याच नवख्रिस्ती घरांतल्या मुली. १९३९ साली ते रुग्णालय साल्व्हेशन आर्मीकडे गेले, आणि आज आपण सारे त्याला 'बूथ हॉस्पिटल' म्हणून ओळखतो. २०२० च्या कोरोनाच्या साथीत त्याने नगरकरांची किती सेवा केली, हे आपण प्रत्यक्ष पाहिले आहे. रुग्णालयास नाव आहे ते इव्हँजेलिन बूथ यांचे, म्हणजे एका स्त्रीचेच. पाया घालणाऱ्या बाईचे नाव मात्र किती जणांना ठाऊक असते?

आता प्रश्न उरतो तो या विस्मृतीच्या कारणांचा. आम्हांस तीन कारणे दिसतात.

पहिले कारण वहीचे. धर्मसंस्थेच्या वहीला रकाने असतात ते बाप्तिस्म्याचे, दीक्षेचे, नेमणुकीचे. मुलाला झोपविताना आई जे शिकविते त्याला रकाना नाही. नव्या समाजात सण कसा साजरा करावयाचा, कुंकू लावावयाचे की नाही, लग्नात कोणती गाणी म्हणावयाची, जुन्या नातलगांशी संबंध कसे सांभाळावयाचे, हे सारे पाळकाने ठरविले असे आपण समजतो. वस्तुतः त्यातले पुष्कळसे बायकांनी घराघरांत निभावून नेले. त्यांनी ते केले नसते तर एका पिढीचे धर्मांतर झाले असते, समाज झाला नसता.

दुसरे कारण वाचकाचे. मिशनचे अहवाल अमेरिकेतल्या देणगीदारांसाठी इंग्रजीत लिहिले गेले. त्यांना हवी होती ती प्रगतीची हकीकत. राधाबाईंची भीती किंवा लक्ष्मीबाईंची पाच वर्षे अशा अहवालात बसत नाहीत.

तिसरे कारण आपले सर्वांचे. बहुसंख्य समाजाने या स्त्रियांना परक्या म्हणून सोडून दिले, आणि ख्रिस्ती समाजाने त्यांना आपल्या वडिलांच्या पत्नी व माता म्हणून गौरविले. त्यामुळे एकीकडे त्या मराठी स्त्रीच्या इतिहासातून गळाल्या, तर दुसरीकडे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व कुटुंबाच्या पुण्याईत जमा झाले. वास्तविक नगर जिल्ह्यातल्या पहिल्या शिकलेल्या स्त्रियांची, पहिल्या शिक्षिकांची आणि परिचारिकांची यादी कोणी करू बसला, तर त्याला या समाजाच्या दारावरून गेल्यावाचून गत्यंतर नाही. ही मिळकत एका धर्माची नसून साऱ्या जिल्ह्याची आहे.

ही यादी करणे अजूनही शक्य आहे, आणि हेच सांगण्यासाठी आम्ही आजचा विषय घेतला. जुन्या चर्चांच्या नोंदवह्यांत बाप्तिस्म्यांची, लग्नांची, दफनाची नावे आहेत. त्यांत बायकांची नावे आहेतच. ती वेगळी काढून कोणी मांडलेली नाहीत. कित्येक घरांतल्या जुन्या बायबलाच्या कोऱ्या पानावर पणजीने वा खापरपणजीने जन्ममृत्यू टिपून ठेवलेले असतात. राहुरी, शेवगाव, नेवासे, पारनेर या भागांत 'आमची आजी बायबलबाई होती' असे सांगणारी वृद्ध माणसे आजही भेटू शकतील. आपल्या गावात महाविद्यालये आहेत. त्यांतले अहमदनगर कॉलेज तर याच समाजातल्या डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली स्थापन केलेले. तेथल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी एक-दोन सुट्ट्या या कामी खर्च केल्या, एकेका गावची एकेक वही उतरून घेतली, तरी पुष्कळ होईल. त्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. नगरकर असणे पुरे.

प्लिनीने ज्यांना यातना दिल्या त्या दोन दासींची नावे आता कोणालाही मिळावयाची नाहीत; तो कागद कायमचा कोरा राहिला. आपल्या जिल्ह्यातला कागद अजून तसा झालेला नाही. नावे सांगणारी माणसे अजून आहेत. पण ती वृद्ध आहेत, आणि दर पावसाळ्यागणिक त्यांची संख्या कमी होत आहे. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसण्यास आपणांपैकी काही जण जरी या उन्हाळ्यात निघाले, तरी आजचे हे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.